विंचरलेली लोकर

पारोळ्याच्या स्टँडवर धुळ्याची एसटी येईना. मागच्या बाकावर एक म्हातारा मेंढपाळ आणि त्याचा भाचा बोलत बसले होते.

"चिंधामामा, जनावरांचे डॉक्टर काय म्हणाले?"

"एक मेंढी कातरीसनी वजन करं त्यासनी. लोकर जास्त भरनी म्हने, मऊ बी शे. आनि गोखरूचा काटा एक नही."

"तुमच्या रानात चरून काटा नाही? कमलमामी होती तेव्हा ती रोज विंचरायची, म्हणून लोकर साफ असायची."

"ती गयी तवपासून फनीले कोनी हात लावा नही, हेमराज."

"सारिका विंचरत असेल."

"सारिका सासरी शे, सावद्याले. घरमा मी एकटाच."

"मग कोण विंचरतं?"

"काल दिवे लागताना मी वाड्याच्या दाराआड थांबनू. एक एक मेंढी उठनी, पुढे गयी, मान खाली करीसनी उभी ऱ्हायनी. समोर कोनी नव्हतं. तिच्या अंगावरून काटे तेवढे खाली पडत व्हतात."

"अरे बाप रे! तुम्ही पळाला नाहीत?"

"माले भ्या वाटनं. पन मेंढ्या नही भ्याल्यात."

"मामा, सोमवारी कातरणारे येऊन सगळी लोकर नेतील. मग तुम्ही काही दिवस आमच्याकडे चला."

"त्यासले नको सांगी दिधं मी."

"का? एवढी चांगली लोकर आलीय!"

"बठ्ठी लोकर कातरी टाकी, तं ती काय विंचराले येई?"