बंद न केलेली डिस्क

दवाखान्यात बाकावर माझ्या शेजारी बहीण-भाऊ बसले होते. त्यांच्या आईला तपासायला आत नेलं होतं.

"ताई, आईच्या मालिकेची डिस्क तुझ्या कॉम्प्युटरवर चालते, मग तिच्या खोलीतला डीव्हीडी प्लेअर 'डिस्क नाही' असं का म्हणतो?"

"प्लेअर म्हातारा झालाय."

"माझ्या डीव्हीडी बऱ्या चालतात त्याच्यावर. भाग चढवून झाल्यावर डिस्क बंद, म्हणजे फायनलाइज, केलीस का?"

"आलास मोठा शिकवणारा! रोज भाग रेकॉर्ड करते, जाहिराती कापते, डीव्हीडीवर चढवते. सगळं मीच करते ना?"

"करतेस गं. पण बंद केल्याशिवाय प्लेअर तिला ओळखतच नाही. कॉम्प्युटर चालवून घेतो, प्लेअर नाही घेत."

"आणि बंद केली की पुढचं काही चढत नाही तिच्यावर, हे मला ठाऊक नाही होय?"

"म्हणजे मुद्दाम उघडी ठेवलीस?"

"मालिका अजून चालू आहे. डिस्कवर निम्मी जागा शिल्लक आहे. बंद काय करायची एवढ्यात?"

"अगं, पुढचे भाग दुसरीवर घे."

"दुसरीवर म्हणे! आईचे थोडेच दिवस उरलेत म्हणाले डॉक्टर, ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग?"

"मग ही आज बंद कर, आईला संध्याकाळी बघू दे. येताना मी कोऱ्या डिस्कचा डबा घेऊन आलोय. पन्नासचा."

"पन्नास?"

"शंभरचा मिळाला नाही."