आत्यासाठी लिनक्सचं पुस्तक

हॅलो?… हां आत्या, बोल. दुकानातच आहे, बोरीवलीला, स्टेशनबाहेरच्या… हो, तेच. कॉम्प्युटरची पुस्तकं अगदी वरच्या फळीवर आहेत. स्टुलावर उभी राहून बोलतेय… नाही गं, पडत नाही.

आधी तू सांग, चालू केल्यावर स्क्रीनवर काय लिहून येतं?… उबंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. बरं. आणि पुढे आकडा?… आकडा बघावाच लागतो आत्या. आवृत्ती बदलली की चित्रं बदलतात. मग पुस्तकात बटण डावीकडे आणि तुझ्यासमोर खाली… नाही दिसत? राहू दे मग.

अगं, आपल्या केतनने मुद्दाम नाही केलं. कोणत्यातरी ऑफिसने बुद्धविहाराला दान केलेले कॉम्प्युटर ते. नवीन विंडोज त्यांच्यावर चालणारच नाही. लिनक्स फुकट आहे, जुन्या मशीनवर बऱ्यापैकी चालतं, म्हणून टाकलं त्याने… हो, विचारायला हवं होतं. उद्यापासून क्लास तू घेणार, तो नाही. बरोबर आहे तुझं… हो, हो… अगं ऐक ना. मी बोलते त्याच्याशी.

आत्ता कुठे आहेस तू?… विहारात? एकटीच?… माणिकताईंनी किल्ली दिली का? बरं केलंस. मशीनसमोरच बस मग, मी एकेक वाचून दाखवते.

तीन आहेत. पहिलं जाड, उशाला घेता येईल असं… वाटलंच मला. जाड म्हणजे चांगलं असं नसतं गं. अनुक्रमणिका ऐक. 'लिनक्सचा इतिहास'. 'मुक्त सॉफ्टवेअर ही चळवळ'. 'फाइल सिस्टिमची रचना'… अगं, मला आवडेल वाचायला. मी एका बैठकीत संपवीन. पण भांडुपच्या बायकांना पहिल्या दिवशी रचना काय करायचीय? त्यांना नातवाचा फॉर्म भरायचाय.

दुसरं अगदी शुद्ध मराठीत. 'संचिका उघडण्यासाठी तीवर दोनदा टिचकी मारावी'… हसू नकोस, असंच छापलंय… हो, कॅरमच वाटतो… नाही, हे घेतच नाही.

तिसरं पातळ आहे. शिवणकामाच्या पुस्तकाएवढं… कोणतं?… आपलं जुनं? ते पिवळ्या कव्हरचं?

आत्या, ते विंडोजचं होतं. आणि तेव्हाच्या विंडोजचं. आता रद्दीतसुद्धा नाही मिळणार ते… आठवतं ना. न आठवायला काय झालं? रविवारी दुपारी तुझ्याकडे फरशीवर बसायचो आपण. दार उघडं, पंखा फुल, पानं उडू नयेत म्हणून त्यावर वाटी. तुमच्या ऑफिसात टाइपरायटर बंद होणार होते आणि घरी कॉम्प्युटर कुठला? मग तू बुटांच्या खोक्याचं झाकण घेऊन पट्टीने चौकोन आखलेस… हो, एंटरला बाटलीचं बूच चिकटवलेलं. मोठं बटण आहे, लक्षात राहायला हवं म्हणून.

आणि माऊस म्हणजे साबणाची डबी. तिला शेपटी म्हणून परकराची नाडी… पप्पा काय म्हणायचे? 'माझी बहीण साबणाने कॉम्प्युटर धुते.' हो ना.

मी एक ओळ वाचायची, तू करायचीस. मग तू वाचायचीस, मी करायची. 'स्टार्टवर जा' म्हटलं की डबी उचलून पुस्तकातल्या चित्रावर ठेवायची आणि वरून दाबायची. टक. मला तर खरंच काहीतरी उघडतंय असं वाटायचं… नाही, खरंच. शाळेत लॅबमध्ये पहिल्यांदा बसले ना, तेव्हा इतरांना अक्षरं सापडत नव्हती आणि माझी बोटं आपोआप जात होती. मॅडमनी विचारलं, घरी कॉम्प्युटर आहे का? मी म्हटलं, हो, आत्याकडे आहे.

खोटं कशाला? होता की.

आणि मग तुझा ऑफिसातला पहिला दिवस. साहेबांनी सांगितलं, स्टार्ट दाबा, आणि तू माऊस उचलून थेट स्क्रीनच्या काचेवर… अगं हसतेय कारण तूच किती मस्त सांगितलं होतंस ते. संध्याकाळी आलीस, पप्पांना ॲक्शन करून दाखवलीस, आम्ही सगळे लोळलो होतो. तू पण केवढी हसलीस…

काय?

…

रडलीस? कुठे, ऑफिसातच?… बाथरूममध्ये? किती वेळ?

मला कधी बोलली नाहीस.

… नाही, समजलं. सगळा विभाग हसला असेल तर… हं… आणि मग घरी येताना ठरवलंस, आपणच आधी सांगून टाकायचं… हं.

आत्या, मी आत्तापर्यंत कॉलेजात मैत्रिणींना तो किस्सा सांगत आलेय. तुझं कौतुक म्हणून सांगते गं… माहितीय तुला? बरं.

म्हणजे जाड पुस्तक त्यासाठी हवंय होय तुला. रात्रभर सगळं पाठ करणार, म्हणजे उद्या कोणासमोर चुकायला नको… 'नलिनीताईंना सगळं येतं' असं माणिकताईंनी सांगून ठेवलंय, ते एक आहेच… नाही, रद्द नको करूस. अजिबात नको. केतन घेईल क्लास, पण तो 'एवढं पण नाही येत?' असं म्हणतो. मलाच म्हणतो, तर त्या बायकांना सोडेल का?

थांब, हे पातळ पुन्हा उघडते. मघाशी नुसतं चाळलं होतं… पहिलं पान. ऐक हं. 'या मशीनवर काहीही दाबून पाहा. चुकलात तर परत कसं यायचं, ते आधी शिकू.' … हो, आधी. पहिला धडाच तो. चालू-बंद त्याच्यानंतर… मला पण आवडलं. प्रयोगशाळेत असंच असतं गं, आधी आग कशी विझवायची ते दाखवतात, मग बर्नर… नाही, तुझ्या मशीनला आग नाही लागणार.

करून बघतेस? मी वाचते. 'कोणतीही खिडकी उघडा'… उघडली? कुठली?… मला काय माहीत ती कसली, असू दे. 'आता ती नको असेल तर'… कोण आलं?

चंपाताई? त्या उद्या क्लासला येणार होत्या ना?… बघायला आल्या. आणि सोबत?… सून पण. बरं, बसव त्यांना. मी थांबते.

…

आत्या? मोठ्याने बोल, फोन लांब ठेवलायस… कोण हसतंय?… सून?… काय चुकलं चंपाताईंचं?

…

हॅलो? आत्या, मला इथे ऐकू आलं. 'या खोलीत कोणी कोणाला हसायचं नाही. हसायचं असेल त्याने बाहेर जायचं.' तूच ओरडलीस ना?… अगं, तुझा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

पुस्तक? पातळवालंच घेते. संध्याकाळी आणून… हं? त्यांना तूच शिकवतेयस आत्ता? पुस्तकाशिवाय?… बरं, बरं. शिकव. परत कसं यायचं ते आधी, लक्षात… हॅलो?… आत्या?

ठेवला.

दादा, हे द्या. नाही, ते जाड राहू दे.