धावपट्टीवरचं डुक्कर

विमानतळ कसला, डोंगराच्या उतारावरची गवताची पट्टी ती. वामेना शहराला जाणाऱ्या छोट्या विमानात माणसांनाही वजन करूनच घेत, म्हणून आधी रताळ्यांची पिशवी आणि मग स्वतःला वजनकाट्यावर तोलून ओर्पा बाजूला बसली. मागे म्हातारा मेलकियास आणि त्याची खोकणारी बायको दोर्कास बोलत होती.

“गेल्या खेपेला मला वामेनाच्या इस्पितळात न्यायला आलेलं विमान घिरट्या घालून परत गेलं, ते तुमच्यामुळे.”

“माझ्यामुळे नाही गं, डुकरामुळे. त्यानं पट्टी उकरली.”

“आणि डुक्कर कुणाचं?”

“माझंच. ‘आपापली कुंपणं नीट करा’ म्हणून चर्चमध्ये गावावर ओरडणारा शहाणाही मीच. सगळ्यांनी केली. राहिलं एकट्या माझं.”

“आज कुठंय ते?”

“हे काय, दोरीनं माझ्या कमरेला बांधलंय. लोक विचारतात, दोघांतलं खरं डुक्कर कुठलं?”

“हसवू नका, खोकला येतो.”

“तू बरी होऊन ये. आलीस की ह्याला कापतो आणि अख्ख्या गावाला जेवू घालतो.”

डोंगराआडून विमानाची घरघर आली.

“तोवर त्याला चांगलं खायला घाला,” दोर्कास उठत म्हणाली. “मी नाही आले, तरी गाव जेवायला येईलच.”