गोधड्यांनी जोडलेली लाइन

राव, तुमी हसाल, पण आमच्या बोरी गावातनं डोंगरातल्या आहुप्याला रेडिओ लागला तो आईच्या गोधड्यांमुळं!

तिकडं डोंगरात मोबाइलला रेंज न्हाई, म्हणून मी आन् तिथल्या किसननं हॅम रेडिओचं, म्हंजे हौशी लोकांनी बिनतारी बोलायच्या रेडिओचं, लायसन काढलं. आमचे सेट लई शहाणे. आपले आपणच फ्रिक्वेन्सी बदलत एकमेकाला हाका मारतात आणि लाइन जुळली की घंटी वाजवतात. मी हौसेनं एरियलची वायर घरापासनं पार नारळाच्या शेंड्याला ताणली. झालं! परदेशातले आवाज यायला लागले, पण किसन काय सापडंना.

एका दुपारी घंटी वाजली. किसनच! "भाऊ, केलंस काय? शेजारी बसून बोलल्यासारखा येतोस!"

खिडकीतनं बघतो तर आईनं वायरवर ओल्या गोधड्या वाळत घातलेल्या. ओझ्यानं वायर डोक्याएवढी खाली आलेली. तवा उमगलं, उंच वायर लांबच्यांसाठी, जवळच्याला खालचीच लागते; तिच्या लहरी सरळ वर आभाळात जाऊन डोंगरापल्याड जवळच उतरतात. मी हसत हसत किसनला सांगतोय, तेवढ्यात आई गोधड्या काढायला आली. माइक हातात धरूनच मी ओरडलो, "आई, काढू नको!"

"अरं, वाळल्या की!"

तिकडनं किसन त्याहून मोठ्यानं ओरडला, "मावशी, मग परत भिजवा!"