हिरवा दिवा झोपत नाही

पुण्याच्या कॉम्प्युटरवाल्यांचं कौतुक चाललंय, म्हणून सांगतो. रविवारची सुस्त दुपार. पाय प्लास्टरमध्ये घालून मी जुळे सोलापुरात घरी, आणि होटगीकडच्या बुजवलेल्या ओढ्याची माझी बातमी ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये. पाचपर्यंत गेली नाही, तर तिच्या जागी जाहिरात लागणार होती.

आमच्या पेपरचे कॉम्प्युटर पुण्याहून सांभाळणारा नितीन फोनवर म्हणाला, "काका, कॉम्प्युटर बंद असला तरी त्याचा एक कोपरा जागा असतो. मी इथूनच चालू करतो."

ऐकताना स्वप्नातच असल्यासारखं वाटलं. अर्ध्या तासाने म्हणाला, "काहीच उत्तर येत नाही. मशीन मेलंय बहुतेक."

"मशीन नाही, तुमची अक्कल मेलीय!" म्हणून मी ऑफिसमागेच राहणाऱ्या आमच्या शिपाई इरप्पामामांना फोन लावला आणि मशीन खरंच मेलंय का, विचारलं.

"मेलं न्हाय सायेब, झोपलंय," मामा म्हणाले. "तुमी बंद करून जाता, पन पाठीमागं हिरवा दिवा लुकलुकतच ऱ्हातो. रातंदिस जागं. लई वाईट वाटतं बगा. म्हनून शनवारी मी समद्यांच्या पिना काढून ठेवतो."

"मामा, तो दिवा जागा असतो म्हणूनच पुण्याहून कॉम्प्युटर चालू होतो! आधी पिन लावा."

"लावतो की. पन सुट्टीच्या दिवशी त्याला हाक कोन मारतंय?"

"मी."

"म्हंजी तुमची बी पिन कुनी काढत न्हाय."

मामांनी पिन लावली, नितीनने पुण्याहून मशीन जागं केलं आणि बातमी पावणेपाचला गेली. नितीनशी भांडायचं बाकी होतं, पण मी मोबाईल बंद केला आणि दिवेलागणीपर्यंत गाढ झोपलो.