टाचण्यांचं चुंबक

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, प्रयोगशाळेतले सगळे, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या डॉक्टरबाई, सर्वांना माझा नमस्कार.

इथे सगळे शिकलेले. मी एका शिंप्याची बायको. मी काय बोलणार? पण बाईंचा आग्रह मोडवेना.

आमचे हे पायमशीनवर शिवायचे. पायाच्या रक्तवाहिन्या खराब झाल्या, तेव्हा पायाबरोबर धंदाही जाणार हे दिसत होतं. तपासणीच्या वेळी बाईंनी आपलं काम समजावून सांगितलं. मूळपेशींमध्ये लोहाचे अतिसूक्ष्म कण भरायचे, त्या रक्तात सोडायच्या आणि बाहेरून चुंबक लावून त्यांना इजा झालेल्या वाहिनीपाशी आणायचं. अजून सगळं उंदरांवर चाललंय, हेही सांगितलं. ह्यांनी उंदीर सोडून बाकी सगळं ऐकलं.

पुढच्या खेपेला बाईंनी ह्यांचा मोजा उतरवला, तर आत चुंबक. दुकानात सांडलेल्या टाचण्या उचलायचं. हे म्हणाले, आमच्याकडून तयारी आहे, आता तुमच्या पेशी तेवढ्या सोडा. मला कुठे तोंड लपवू असं झालं. बाई हसल्या नाहीत. स्टूल ओढून समोर बसल्या.

“काका, टाचणी भलतीकडे चिकटली तर काढता येते. या पेशी भलतीकडे साचल्या तर मला काढता येणार नाहीत.”

ह्यांनी पुष्कळ विनवलं. हवी तिथे सही देतो म्हणाले. बाई बधल्या नाहीत. पाय गेला, आणि वर्ष सरायच्या आत हेही गेले.

मला राग आला नाही, असं कसं म्हणू? वाचनालयात शब्दकोश शेजारी घेऊन मिळेल ते वाचत बसले. काही उंदरांत पेशी नको तिथे साचल्या होत्या, हे बाईंनीच लिहिलेलं वाचलं. राग गेला. माणूस काही परत आला नाही.

हे मात्र शेवटपर्यंत म्हणत, “माप पक्कं झाल्याशिवाय बाई कात्री लावत नाहीत. आमच्यातल्याच आहेत.”

ते चुंबक ह्यांनी बाईंनाच देऊन टाकलं होतं. प्रयोगशाळेतल्या लोखंडी कपाटावर ते आजवर चिकटलेलं होतं. मघाशी सामान आवरताना बाई ते पर्समध्ये ठेवत होत्या. बाई, माझं एक मागणं आहे. ते तिथेच राहू द्या. ही तरुण मंडळी रोज कपाट उघडतील, तेव्हा त्यांना दिसेल की कोणीतरी वाट बघतंय. आणि तरीही घाई करायची नाही.

बाईंना उदंड आरोग्य लाभो. मला इथे उभं केलंत, शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कुठे टाका चुकला असेल, तर सांभाळून घ्या.