दीडशे वर्षांची अदलाबदल

मॅक्सिन : नाही म्हटलं ना, ऑर्विल. सकाळपासून तिसऱ्यांदा विचारतोयस. तू भिंग घेऊन माझ्या टेबलापुढे उभा राहिलास की तुझ्या पाठीआड माझं एक गिऱ्हाईक फिरकत नाही.

ऑर्विल : तुला गिऱ्हाईक कशाला हवंय? ह्या जुन्या रिव्हॉल्व्हरांच्या प्रदर्शनात अकरा वर्षं आपली टेबलं शेजारीशेजारी आहेत. एवढ्या वर्षांत तू आणि तुझ्या नवऱ्याने, डेल्बर्टने, मिळून एक रिव्हॉल्व्हर विकलं नाहीत. घेतलीत मात्र चौदा.

मॅक्सिन : पंधरा. एक तुला सांगितलं नव्हतं.

ऑर्विल : मला फक्त डेल्बर्टचं ते लाडकं बघायचंय. सात गोळ्यांचं, पॉइंट बावीस कॅलिबरचं. तेही सगळं नको, नुसतं गोळ्या भरायच्या चक्रीचं तोंड. हातही लावत नाही. तूच धर, मी वाकतो.

मॅक्सिन : वाकशील, आणि सरळ करायला चार माणसं लागतील. आधी सांग, शोधतोयस काय?

ऑर्विल : सांगतो, पण पहिल्यापासून सांगू दे. मंगळवारी माझ्या सात गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरच्या मुठीचं लाकूड जरा सैल लागलं. चाळीस वर्षं लोकांचे पियानो सुरात लावले. सैल काही दिसलं की माझा हात गप्प बसत नाही. स्क्रू काढला. लाकडाखाली सांगाड्यावर खूण : के सात. नळीवर के सात. आणि गोळ्यांच्या चक्रीवर...

मॅक्सिन : के सात.

ऑर्विल : डी तीन.

मॅक्सिन : अरेरे. म्हणजे तुझी चक्री परकी. कुणाला बोलणार नाही हो मी. जेवणाच्या रांगेत फार तर चौघांना.

ऑर्विल : बोल खुशाल. कारखान्यात तिन्ही भाग एकत्र घासून बसवायचे आणि तिन्हींवर एकच खूण मारायचे, म्हणजे...

मॅक्सिन : म्हणजे कारागिरांची गल्लत होऊ नये. मला शिकवतोयस? अठरा वर्षं डेल्बर्टने जेवताना दुसरा विषय काढला नाही.

ऑर्विल : मग मला आठवलं, गेल्या वर्षी ती भोपळ्याची गोड पाई खाताना तू म्हणाली होतीस, तुमच्या चक्रीवर 'के'ने सुरू होणारं काहीतरी आहे. चार रात्री मला नीट झोप नाही, मॅक्सिन. आणि आज सकाळी आल्याआल्या टेबलं वाटणारा हर्शेल सांगतो की तू टेबल सोडतेयस. खरं आहे का ते?

मॅक्सिन : खरंय. पत्र दिलंय त्याला. दोन वर्षं झाली डेल्बर्टला जाऊन, अजून मी त्याचं दुकान राखत बसलेय. त्याच्या वस्तू, त्याची मांडणी, त्याची कार्डं. माझं इथं काय आहे?

ऑर्विल : मी आहे की शेजारी.

मॅक्सिन : तू दर वर्षी माझी कॉफी पितोस.

ऑर्विल : म्हणून तर म्हणतो, आज नाही बघितलं तर पुन्हा बघायला मिळायचं नाही. दाखव ना.

मॅक्सिन : आण ते भिंग इकडे. मीच वाचते. जरा उजेड सोड. के... सात.

ऑर्विल : पुन्हा वाच.

मॅक्सिन : पुन्हा वाचून आठ होणार आहे का? के सात. देवा रे.

ऑर्विल : मला खुर्ची दे.

मॅक्सिन : मलाच हवीय. सरक.

ऑर्विल : आता मुठीचा स्क्रू काढू. आत डी तीन निघालं, तर तुझी चक्री माझ्याकडे आणि माझी तुझ्याकडे. ओहायोत काय, अख्ख्या देशात असं ऐकलं नसेल कुणी.

मॅक्सिन : स्क्रू काढायचा नाही.

ऑर्विल : का?

मॅक्सिन : ते कार्ड वाच.

ऑर्विल : "सर्व भाग मूळचे." डेल्बर्टचं अक्षर.

मॅक्सिन : ह्या एका ओळीपायी तो दोघांशी कडाकडा भांडला. एकाशी तर मरेपर्यंत बोलला नाही. आता मी सगळ्यांदेखत स्क्रू काढू आणि माझा नवरा खोटं बोलत होता म्हणू? मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, ऑर्विल.

ऑर्विल : जिवंत होता तेव्हा आम्हाला कुठं देऊ दिलं त्याने?

मॅक्सिन : ते मात्र खरं आहे.

ऑर्विल : हे बघ. चक्री परकी आहे हे तर आत्ताच कळलं. स्क्रू काढ नाहीतर नको काढू, कार्ड आजवर चुकीचंच होतं. पण आपण अदलाबदल केली, तर ते खरं होईल. एक अक्षर न खोडता.

मॅक्सिन : एकही अक्षर न खोडता?

ऑर्विल : एकही.

मॅक्सिन : काढ स्क्रू. तूच काढ. तीस वर्षं शाळेची बस चालवली, मागे साठ पोरं बोंबलायची, पण असल्या बारीक स्क्रूशी कधी गाठ पडली नाही.

ऑर्विल : निघाला. आता लाकूड... हळू... हं. तू वाच. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही.

मॅक्सिन : डी तीन.

ऑर्विल : हसू नकोस, मॅक्सिन. तू हसलीस की मलाही आवरत नाही. लोक बघतायत.

मॅक्सिन : बघू देत. ऑगस्टमध्ये ह्याच हॉलमध्ये डुकरांचं प्रदर्शन असतं, तेव्हाही लोक बघतातच. पण हे झालं कसं?

ऑर्विल : सोपं आहे. दोन भाऊ. यादवी युद्धाला निघालेले. आईने दोघांच्या खिशात एकेक घातलं. एका संध्याकाळी एकाच घोंगडीवर बसून दोघांनी ती साफ केली...

मॅक्सिन : रिव्हॉल्व्हर विकत घ्यावं, गोष्ट घेऊ नये. हे तूच सगळ्यांना ऐकवत असतोस.

ऑर्विल : घेत नाहीये. फुकट देतोय.

हर्शेल : इथं काय चाललंय? पलीकडचे लोक म्हणतायत, दोन म्हातारी माणसं टेबलाखाली तोंड घालून खिदळतायत. आणि हे लाकूड का काढलंय? गोळी उडू नये म्हणून दाराशी बांधलेला पिवळा बंध शाबूत आहे ना?

मॅक्सिन : शाबूत आहे, हर्शेल. बघ, ओढून बघ.

हर्शेल : नियम ठाऊक आहे तुम्हाला. हॉलच्या आत ज्याने बंध कापला, तो कायमचा बाहेर. मग तो कुणी का असेना.

ऑर्विल : म्हणून बाहेर गाड्यांच्या तळावर निघालोय. दोघेही.

हर्शेल : तिथं सौदे करायला बंदी आहे.

ऑर्विल : सौदा नाही. एकमेकांचं एकमेकांना परत करायचंय.

हर्शेल : असं सगळेच म्हणतात.

मॅक्सिन : हर्शेल, पहिलीत असताना तुला बसमध्ये रोज उलटी व्हायची. मी कधी तुझ्या आईला सांगितलं?

हर्शेल : नाही, मॅक्सिनबाई.

मॅक्सिन : मग चल आमच्याबरोबर. तुझ्याच पकडीने बंध काप.

(गाड्यांचा तळ. ऑर्विलच्या पिकअपच्या मागच्या फळीवर टॉवेल अंथरलेला.)

हर्शेल : कापले दोन्ही. आता लवकर उरका, दारावर कुणी नाही.

ऑर्विल : खिट्टी दाबायची, नळी वर उचलायची, की चक्री हातात. बघ, कशी अलगद आली. तुझीही काढ. ठेव टॉवेलवर. अठराशे साठनंतर पहिल्यांदा दोघी इतक्या जवळ आल्या असतील.

मॅक्सिन : मला रडू येतंय की हसू, तेच कळत नाहीये.

ऑर्विल : दोन्ही चालेल. घाल तुझी. मी माझी घालतो. बसली.

मॅक्सिन : माझीही बसली. फिरतेय.

ऑर्विल : थांब, ऐकू दे. ही पूर्वीसारखीच खडखडतेय.

हर्शेल : ते भिंग द्या इकडे. ऑर्विलकाका, ह्या चक्रीवर डी तीन आहे.

ऑर्विल : असं कसं होईल?

हर्शेल : जी काढलीत, तीच परत घातलीत. टॉवेलवर दोन्ही शेजारी ठेवल्यात आणि बोलत बसलात.

मॅक्सिन : ऑर्विल. अरे, झालं कसं म्हणून मी मघाशी विचारत होते. हे असं झालं.

ऑर्विल : घोंगडीवर. बघ, माझी गोष्ट खरी निघाली.

मॅक्सिन : मला धरा कुणीतरी. पोटात दुखायला लागलं हसून.

हर्शेल : तुम्ही दोघं मागे व्हा. मी घालतो. के सात ह्यात. डी तीन त्यात. लागली खिट्टी. आता ऐका.

ऑर्विल : फिरव. अजून एकदा फिरव.

मॅक्सिन : काय ऐकू येतंय?

ऑर्विल : काहीच नाही. खडखड गेली. जुना पियानो सुरात लागला की खोली अशीच गप्प होते. तुझं फिरव. हं. तेही तसंच.

मॅक्सिन : डेल्बर्ट असता तर म्हणाला असता, मी सांगत नव्हतो?

ऑर्विल : म्हणू दे. आज त्याला हक्क आहे. मॅक्सिन, एक सांगतो, हर्शेल इथं आहे तरी सांगतो. चक्रीसाठी जागत होतो हे अर्धंच खरं, अर्धा वेळ तूच डोक्यात होतीस. तू टेबल सोडलंस, तर मी ह्या हॉलमध्ये कशाला येऊ? रिव्हॉल्व्हर घरीही बघता येतात. तू हवीस मला इथं.

मॅक्सिन : अकरा वर्षांत एवढं सरळ वाक्य तू पहिल्यांदा बोललास.

ऑर्विल : डेल्बर्ट होता तोवर बोलायचं नव्हतं. मग दोन वर्षं धीर झाला नाही.

हर्शेल : मी दाराकडे जातो.

मॅक्सिन : थांब, हर्शेल. माझं पत्र आहे ना तुझ्या खिशात?

हर्शेल : आहे. फाडू? पुढच्या वर्षी नेहमीसारखी तुमची दोन टेबलं लिहितो.

मॅक्सिन : फाडू नकोस. माझं टेबल सुटलं ते सुटलं. ह्याच्या टेबलाला दुसरी खुर्ची लाव.